काचेच्या पृथ्वीच्या पोटात: बॉस्टनचं मॅपेरियम कसं पाहावं

मॅपेरियमच्या आत माणसाला मिळतात जेमतेम वीस मिनिटं. त्यातला बराच वेळ ध्वनिप्रकाशाच्या कार्यक्रमात जातो, थोडा आवाजाच्या गमती करून पाहण्यात जातो, आणि उरलेल्या वेळात नजर नुसती भिरभिरत राहते. मग बाहेर येऊन माणूस म्हणतो, ‘छान होतं हो,’ आणि पुढच्या ठिकाणी जातो. मी पाहुण्यांना घेऊन तिथे पुष्कळदा गेले आहे आणि हे दर वेळी पाहिलं आहे. ज्यांनी आधी थोडी तयारी केली होती त्यांचं मात्र तसं झालं नाही. काय शोधायचं हे ठरवून आत शिरलेला माणूस त्याच वीस मिनिटांत एक आख्खं जुनं जग पाहून येतो. मुलाकडे-मुलीकडे अमेरिकेत आलेले आईबाबा, सुट्टीतली नातवंडं आणि एखाद्या मोकळ्या दुपारी काय पाहावं हे न सुचलेला विद्यार्थी, अशा सगळ्यांसाठी ही तयारी सविस्तर लिहिते आहे.

आधी हे आहे तरी काय

बॉस्टनच्या बॅक बे भागात मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूवर मेरी बेकर एडी लायब्ररी आहे. या इमारतीच्या पोटात ३० फूट व्यासाचा, तीन मजले उंच असा रंगीत काचेचा पोकळ पृथ्वीगोल बसवलेला आहे. त्याच्या मधून आरपार काचेचा एक पूल जातो. तुम्ही त्या पुलावर उभे राहता आणि जग तुमच्या भोवती असतं: डोक्यावर उत्तर ध्रुव, पायाखाली अंटार्क्टिका, चारी बाजूंना खंड आणि महासागर. नकाशा काचेच्या ६०८ तुकड्यांवर रंगवून भट्टीत पक्का केलेला आहे, आणि हे तुकडे ब्राँझच्या सांगाड्यात बसवलेले आहेत. दिवे गोलाच्या बाहेर आहेत, म्हणून प्रकाश काचेतून गाळून आत येतो.

ही कल्पना वास्तुरचनाकार चेस्टर लिंडसे चर्चिल यांची. ‘ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’ हे दैनिक काढणाऱ्या प्रकाशनसंस्थेची नवी इमारत ते बांधत होते. दैनिकाची सुरुवात १९०८ साली मेरी बेकर एडी यांनी केली, तेव्हा त्यांचं वय ८७ होतं. जगभरच्या बातम्या देणाऱ्या या पत्राला शोभेल असं काहीतरी इमारतीत असावं, असं चर्चिल यांच्या मनात होतं. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’च्या इमारतीत दर्शनी दालनात एक मोठा फिरता पृथ्वीगोल होता. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली, पण त्यांनी ती उलटी केली आणि माणसालाच गोलाच्या आत नेलं. रँड मॅकनली या नकाशे छापणाऱ्या कंपनीच्या १९३४ च्या नकाशावरून काचा रंगवल्या गेल्या आणि मे १९३५ मध्ये गोल लोकांसाठी खुला झाला.

तेव्हापासून त्यावरची एकही सीमा बदललेली नाही. नकाशा अद्ययावत करावा असा विचार नंतर एकाहून अधिक वेळा झाला, पण शेवटी त्याला कलाकृती आणि इतिहासाचा पुरावा मानून आहे तसाच ठेवायचं ठरलं. मला तरी तो निर्णय फार मोलाचा वाटतो. आजच्या सीमा आपल्या फोनमध्ये असतातच. १९३५ सालच्या जगाच्या मध्यभागी उभं राहायला मात्र दुसरीकडे कुठे मिळणार?

नावामुळे एक शंका हमखास विचारली जाते, म्हणून सांगते. लायब्ररी एका ख्रिस्ती पंथाच्या संस्थापिकेच्या नावाने आहे, पण मॅपेरियम पाहायला कुठल्याही धर्माचा माणूस येतो आणि त्यासाठी कुठल्या प्रार्थनेत बसावं लागत नाही.

आदल्या दिवशीची तयारी

पहिलं काम तिकिटाचं. पुलावर मोकळेपणाने हिंडता येत नाही, ठरलेल्या वेळेला मार्गदर्शकाबरोबर गट आत जातो. म्हणून लायब्ररीच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी त्या दिवसाच्या वेळा आणि दर पाहून जागा राखून ठेवा. विद्यार्थी, ज्येष्ठ आणि मुलं यांच्यासाठी कमी दर असतो, तो निवडायला विसरू नका. दिवसातला शेवटचा गट लायब्ररी बंद व्हायच्या बराच आधी आत जातो, तेव्हा संध्याकाळवर विसंबू नका. माझी पसंती मधल्या वारच्या सकाळला. गट लहान असला की पुलाच्या मध्यभागी उभं राहायला मिळतं, आणि खरी मजा तिथेच आहे.

दुसरं काम अभ्यासाचं, आणि ते मला तिकिटापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. घरी आजचा जगाचा नकाशा उघडून अर्धा तास बसा. बरोबर येणाऱ्या प्रत्येकाने पाच-पाच जागा निवडून कागदावर लिहाव्यात. आपलं जन्मगाव ज्या भागात येतं तो भाग, आजीआजोबा जिथे राहिले ते शहर, शाळेत शिकलेला एखादा देश जो आता नाही, असं काहीही चालेल. हा कागद खिशात ठेवा. आत गेल्यावर सगळंच एकदम अंगावर येतं आणि सुचेनासं होतं, तेव्हा तो उपयोगी पडतो.

तिसरी तयारी चष्म्याची. नकाशावरची नावं तुमच्यापासून दहा-पंधरा फुटांवर असतात. लांबचा चष्मा गाडीत राहिला की आजोबांना फक्त रंग दिसतात. माझ्या एका काकांचं असंच झालं आणि सगळी नावं मला वाचून दाखवावी लागली. घरात लहान दुर्बीण असेल तर घेऊन या.

पोहोचायचं कसं

गाडी शक्यतो घरीच ठेवा, कारण त्या भागात पार्किंग महाग पडतं. बॉस्टनच्या मेट्रोला सगळे नुसतं ‘टी’ म्हणतात. ग्रीन लाइनच्या ई फाट्यावर सिंफनी हे स्थानक लायब्ररीच्या सर्वांत जवळ, आणि त्याच फाट्यावर एक स्थानक आधी प्रुडेन्शियल. ग्रीन लाइनच्या बी, सी किंवा डी गाडीने आलात तर हाइन्सला उतरून मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूने दक्षिणेकडे चालत या. ऑरेंज लाइनवर मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यू नावाचंच स्थानक आहे. हार्वर्ड किंवा एमआयटीकडून येणाऱ्यांना १ नंबरची बस सोयीची, ती याच रस्त्याने येते.

गुडघे दुखणारी किंवा चाकाच्या खुर्चीवरची मंडळी बरोबर असतील तर सिंफनी आणि हाइन्स टाळा. प्रुडेन्शियलला आणि ऑरेंज लाइनच्या मॅसॅच्युसेट्स ॲव्हेन्यूला लिफ्ट आहे. मेट्रोचं एका फेरीचं तिकीट २ डॉलर ४० सेंट. मोठ्यांबरोबर असलेल्या ११ वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. आता बँकेचं कार्डही दाराशी टेकवून जाता येतं, त्यामुळे थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्यांना वेगळं कार्ड काढायची गरज नाही.

ठरलेल्या वेळेच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी पोहोचा. आत शिरताच ‘हॉल ऑफ आयडियाज’ नावाचं दालन लागतं. तिथल्या कारंज्याच्या पाण्यातून वचनांची अक्षरं वर येताना दिसतात आणि मग ती दालनात पसरत जातात. मुलं तिथून हलायला तयार नसतात. थांबण्याचा वेळ तिथेच छान जातो.

पुलावर पहिली दोन मिनिटं

दार उघडतं आणि तुम्ही पुलावर येता. बहुतेक जण दाराजवळच थबकतात. तुम्ही थबकू नका, सावकाश पण न थांबता मध्यापर्यंत जा. गोलाच्या मध्यावर उभं राहिलं की काचेवरचा प्रत्येक बिंदू डोळ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर येतो आणि कुठलाही देश उगाच ताणलेला किंवा चेपलेला दिसत नाही. सपाट कागदावरच्या नकाशाला हे कधीच जमत नाही. बाहेरून पाहिलेल्या पृथ्वीगोलालाही जमत नाही, कारण त्याची एक बाजू नेहमी लपलेली असते.

तिथे उभं राहून आधी ग्रीनलँड पाहा आणि मग वळून आफ्रिका. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात ही दोन्ही जवळजवळ सारखी मोठी दिसायची. खरं तर आफ्रिका ग्रीनलँडच्या सुमारे १४ पट आहे. मग भारत पाहा. आजचा आपला देश ३२ लाख ८७ हजार चौरस किलोमीटर, ग्रीनलँड साडेएकवीस लाखांच्या थोडं वर. आपला देश ग्रीनलँडहून दीडपट मोठा आहे हे मी आकड्यांत वाचलं होतं, पण पटलं ते पुलावर उभी राहिल्यावर.

यानंतर मान वर करा. शाळेत ‘रशिया पूर्वेला, अमेरिका पश्चिमेला’ असं डोक्यात बसलेलं असतं. डोक्यावरच्या उत्तर ध्रुवाभोवती मात्र ती दोन्ही एकमेकांसमोर, मधला बर्फाळ समुद्र ओलांडला की पोहोचू इतकी जवळ दिसतात. विमानाने आलेल्या आईबाबांना इथेच एक गोष्ट दाखवा. बॉस्टनवर नजर ठेवा, मग मुंबईवर, आणि मनात दोन्हींमध्ये दोरा ताणा. अंतर सुमारे १२,२०० किलोमीटर. हा दोरा अटलांटिकवरून सरळ आडवा जात नाही, वर चढून आइसलँडच्या कडेने जातो आणि युरोपवरून खाली उतरतो. ‘विमान एवढं उत्तरेकडे का नेतात?’ हा प्रश्न मी कितीतरी जणांकडून ऐकला आहे. तिथे उभं राहून पाहिलं की समजावून सांगावं लागत नाही.

एक बारकावा मुलांना आवर्जून सांगण्यासारखा. पृथ्वी खरोखर पारदर्शक असती आणि आपण तिच्या पोटातून पाहिलं असतं, तर सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसलं असतं: उत्तर वर ठेवली तर पूर्व डावीकडे. इथे वाचता यावं म्हणून नकाशा आतून सुलटा रंगवला आहे, पूर्व उजवीकडेच आहे.

अंतर मोजायला वीत आणि हात

३० फुटांच्या गोलावर १ इंच म्हणजे सुमारे २२ मैल, आपल्या भाषेत १ सेंटिमीटर म्हणजे १४ किलोमीटर. हे एवढं लक्षात ठेवलं की बरंच काही कळतं. मुंबई-पुणे सरळ अंतर साधारण चार बोटं भरेल. मुंबई-दिल्ली पावणेदोन हात. काश्मीर ते कन्याकुमारी साडेसात फूट, म्हणजे घरातल्या दारापेक्षाही उंच. आणि या मापाने एव्हरेस्ट फक्त सहा मिलिमीटर! ज्या मुलांना पृथ्वी डोंगरदऱ्यांमुळे खडबडीत आहे असं वाटतं त्यांना हा आकडा सांगा. काचेला हात लावून मोजायचं नाही, अंदाजच करायचा, पण अंदाज करायला लावलं की मुलं फार बारकाईने पाहतात.

१९३५ चं जग वाचताना

आता खिशातला कागद काढा.

सुरुवात युरोपपासून करा, कारण तिथे बदल चटकन ओळखू येतात. जर्मनी एकसंध आहे, पण पूर्व प्रशियाचा तुकडा पोलंडच्या पट्ट्यापलीकडे वेगळा पडलेला आहे. याच पट्ट्यावरून चार वर्षांनी महायुद्धाला तोंड फुटलं. चेकोस्लोव्हाकिया आहे, युगोस्लाव्हिया आहे. बाल्टिक समुद्राकाठी एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया हे तीन छोटे देश शोधा. गोल खुला झाला तेव्हा ते स्वतंत्र होते. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने ते गिळले आणि पुढची पन्नास वर्षं या काचा चुकीच्या ठरल्या. १९९१ साली ते पुन्हा स्वतंत्र झाले आणि कुणीही ब्रश न लावता नकाशाचा तेवढा भाग पुन्हा बरोबर झाला. त्या तीन देशांपुढे मी नेहमी जरा जास्त वेळ थांबते.

आफ्रिकेत स्वतंत्र देश बोटांवर मोजण्याइतके आहेत. इथिओपिया त्यांपैकी एक, आणि गोल खुला झाल्यावर पाच महिन्यांच्या आतच, ऑक्टोबर १९३५ मध्ये, इटलीने त्याच्यावर हल्ला केला. बाकी खंड ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, पोर्तुगाल, स्पेन आणि इटली यांनी वाटून घेतलेला आहे. आशियाच्या पूर्व टोकाला कोरिया जपानच्या ताब्यात आहे. त्याच्या वर मांचुरियात जपानने १९३२ साली उभं केलेलं मांचुक्वो. आजचं व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडिया मिळून फ्रेंच इंडोचायना, आणि त्याला लागून सयाम, ज्याचं नाव १९३९ मध्ये थायलंड झालं. इंडोनेशिया नाही, डच ईस्ट इंडीज आहे. इस्रायल नाही, पाकिस्तान नाही, बांगलादेश नाही.

आपला भाग

हिंदुस्थान शोधणं सोपं: आफ्रिका सापडली की अरबी समुद्र ओलांडून उजवीकडे या. इथे घाई करू नका. मराठी माणसाला या गोलावर सगळ्यात जास्त वाचण्यासारखं याच भागात आहे, आणि ते कुठलाही मार्गदर्शक सांगणार नाही.

पहिल्यांदा सिंध आणि कराची पाहा. हा प्रांत मुंबई इलाख्यातून वेगळा झाला तो १ एप्रिल १९३६ रोजी. म्हणजे या काचा रंगवल्या तेव्हा कराचीचा कारभार मुंबईहूनच चालायचा. नोकरी-व्यवसायासाठी तिथे गेलेली मराठी घरं काही थोडी नव्हती. माझ्या सासूबाईंचे वडील त्यांतलेच. घरात कराचीचा विषय निघायचा तो ‘तिकडे’ या एका शब्दाने, जणू ती जागा कुठल्या नकाशात नाहीच. सासूबाई इथे आल्या तेव्हा पुलावर उभं राहून त्यांनी मुंबईवरून कराचीपर्यंत नजर नेली. गोलावर ते अंतर तीन वितींच्याही आत आहे आणि मधे कुठलीही सीमा नाही. त्या म्हणाल्या, ‘अगं, हे तर आपलंच गाव होतं.’ पुढे बाहेर येईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

कराचीहून खाली, अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला एडन आहे. हे बंदरही १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानच्याच कारभारात होतं. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेपेवर तिथे नेलं आणि १८८३ च्या फेब्रुवारीत तिथेच त्यांचा अंत झाला. शिरढोण कुठे आणि एडन कुठे, हे पुस्तकात वाचताना जाणवत नाही. इथे मधला सगळा समुद्र समोर पसरलेला असतो.

मग उजवीकडे वळा, बंगालचा उपसागर ओलांडा आणि ब्रह्मदेशात या. १ एप्रिल १९३७ पर्यंत तो ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता, म्हणून आपल्या देशाची हद्द थेट सयामला जाऊन भिडते. त्यात मंडालेची जागा शोधा. १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षं लोकमान्य टिळक तिथल्या तुरुंगात होते. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा. आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी मंडालेहून आणून ठेवलं ते रत्नागिरीलाच. टिळक मंडालेत कैदेत असताना थिबा रत्नागिरीत होता, आणि १९१६ साली तो तिथेच वारला. गोलावर या दोन जागांमध्ये पावणेसहा फुटांचं अंतर आहे. मुलांना एकाला रत्नागिरीवर आणि दुसऱ्याला मंडालेवर नजर ठेवायला सांगा आणि ही हकीकत सांगा. खाली अंदमानची बेटंही दिसतील, तिथली आठवण मराठी घरात वेगळी सांगावी लागत नाही.

शेवटी कोकणच्या खाली गोव्याच्या जागेकडे पाहा. तो पोर्तुगालचा होता आणि १९६१ पर्यंत राहिला.

आवाज

मॅपेरियमचा दुसरा चमत्कार कुणी ठरवून केलेला नाही. गोल नकाशासाठी बांधला, पण कडक काच आवाज शोषून घेत नाही आणि पोकळ गोलाची आतली भिंत तो परत आत फेकते. त्यातून जे झालं ते ऐकायलाच हवं.

पुलाच्या बरोबर मध्यावर उभं राहून साध्या आवाजात आपलं नाव घ्या. तुमचा आवाज चारी बाजूंनी, वरून आणि खालून एकाच क्षणी तुमच्याकडेच परत येतो आणि आपण आपल्याच डोक्याच्या आत बोलतो आहोत असं वाटतं. कारण सरळ आहे. मध्यापासून भिंत सगळीकडे १५ फुटांवर, म्हणजे जाऊन-येऊन ३० फूट. हे अंतर आवाज सेकंदाच्या सुमारे सदतिसाव्या भागात कापतो. इतक्या थोड्या वेळात परतलेला आवाज कानाला वेगळा कळत नाही, मूळ आवाजातच मिसळून त्याला भरदार करतो. विजापूरच्या गोल घुमटात हाक मारली की प्रतिध्वनी वेगळे मोजता येतात, कारण तिथे भिंती कितीतरी लांब आहेत. ज्यांनी दोन्ही ऐकलं आहे त्यांना हा फरक फार आवडतो.

दुसरा प्रयोग जोडीने करायचा. एकाने पुलाच्या एका टोकाला, दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला जायचं. मग एकाने हळूच कुजबुजायचं. मधल्या माणसांना ते नीट ऐकू येत नाही, पण ३० फुटांवरच्या जोडीदाराला शब्दन् शब्द स्पष्ट पोहोचतो, जणू कुणी कानाशी लागून बोलतंय. यासाठी आवाज चढवू नका, चढवला तर सगळं घुमून जातं. काय बोलायचं ते आधीच ठरवून जा. ऐनवेळी सगळे ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ एवढंच म्हणतात. माझ्या पुतणीने आपल्या आजीला तिथून एक ओवी म्हणून दाखवली होती, आणि आजीने दुसऱ्या टोकावरून पुढची ओळ म्हटली.

हेही लक्षात असू द्या की तुम्ही शेजारच्याच्या कानात केलेली टीकाटिप्पणीसुद्धा अशीच कुणाच्या तरी कानावर पडते. मराठी कळणारं दुसरं कुणी गटात असेल हे गृहीत धरूनच बोला.

मधे केव्हातरी दिवे मंदावतात आणि ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम सुरू होतो. पूर्वी गोलाबाहेर सुमारे ३०० साधे बल्ब होते. १९९८ साली गोल दुरुस्तीसाठी बंद झाला आणि २००२ मध्ये उघडला तेव्हा त्यांच्या जागी एलईडी दिवे आले. आता खंडांवरून पहाट सरकल्यासारखा रंग बदलता येतो. या वेळी नावं वाचायचा प्रयत्न सोडून द्या आणि नुसतं पाहा.

फोन खिशातच ठेवा. आत फोटो काढू न देण्याची इथली जुनी प्रथा आहे, आणि मार्गदर्शक सुरुवातीला जे सांगतील ते पाळायचंच. पण परवानगी असो-नसो, वीस मिनिटांतली पाच पडद्याकडे पाहण्यात घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

काचेच्या पुलाची भीती वाटत असेल तर

काहींना पायाखालून खोल दिसलं की चक्कर येते. अशा माणसाने कठड्याला धरून समोर विषुववृत्ताकडे पाहावं, खाली पाहू नये, आणि ते जमत नसेल तर दाराजवळच्या टोकाशी उभं राहावं. कुजबुजीचा प्रयोग तिथूनच उत्तम होतो. तान्ही मुलं घुमणाऱ्या आवाजाने दचकतात, त्यांना घेतलेल्यानेही दाराजवळच राहावं.

बाहेर आल्यावर

लगेच घरी जाऊ नका, आजूबाजूला पायी फिरून पाहण्यासारखं पुष्कळ आहे. लायब्ररीच्या मागेच ख्रिश्चन सायन्स पंथाचं मूळ चर्च आहे. १८९४ सालची लहान दगडी इमारत आणि तिला जोडून १९०६ मध्ये बांधलेली घुमटाची प्रचंड वास्तू. समोर लांबलचक उथळ जलाशय पसरलेला आहे. उन्हाळ्यात तिथल्या जमिनीतल्या कारंज्यात मुलं मनसोक्त भिजतात, तेव्हा जादा कपडे आणि टॉवेल बरोबर ठेवा. हिवाळ्यात त्याच मोकळ्या जागेत वारा इतका झोंबतो की कानटोपीशिवाय उभं राहवत नाही.

आवाजाने भारावला असाल तर हंटिंग्टन ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर सिंफनी हॉल आहे, चालत दोन-चार मिनिटं. १९०० साली उघडलेल्या या सभागृहाची ध्वनिरचना हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी गणित मांडून ठरवली. त्याआधी त्यांनी रात्री-अपरात्री एका रिकाम्या व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या मांडून, ऑर्गनची नळी वाजवून, आवाज किती सेकंद रेंगाळतो हे घड्याळ लावून मोजलं होतं. एकाच रस्त्यावर एक वास्तू आवाजासाठी मोजूनमापून बांधलेली आणि दुसरी नकळत आवाजाची झालेली. संध्याकाळच्या मैफिलीचं तिकीट मिळालं तर दिवस सार्थकी लागतो.

नकाशांची गोडी लागली असेल तर कॉप्ली चौकातल्या बॉस्टन पब्लिक लायब्ररीत चालत जा, वाटेत प्रुडेन्शियल सेंटरमध्ये जेवता येईल. लायब्ररीत लेव्हेंथल नकाशा केंद्र आहे, तिथलं प्रदर्शन विनामूल्य पाहता येतं. केंद्राच्या संकेतस्थळावर हजारो जुने नकाशे मोठे करून पाहता येतात. घरी परतल्यावर खिशातला तो कागद पुन्हा काढा आणि पुलावर सापडली नाही ती गावं तिथल्या जुन्या नकाशांत शोधा. आमच्याकडे त्या रात्री सासूबाई कराचीचा नकाशा उघडून बसल्या होत्या. गल्ल्यांची नावं एकेक करून वाचत होत्या, आणि आम्ही सगळे जेवण बाजूला ठेवून त्यांच्या मागे उभे होतो.